हळदीकुंकवाचे सहा स्क्रू

चामराजपेट, बेंगळुरू
दसरा होऊन चौथा दिवस

तीर्थरूप पद्मनाभमामांच्या पायांवर ऋतुराजचा साष्टांग नमस्कार. (लांबूनच घालतो आहे, कारण जवळ यावं तर तुमच्या हातात पाना असतो.)

मामींचे गुडघे कसे आहेत, तुमचा खोकला गेला का, गॅरेजच्या दारातली कुत्री व्याली का, हे सगळं आधी विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. श्रावणापासून मी तुम्हाला पाठवलेले सगळे मेसेज एकाच टिकेवर उभे आहेत. आधी मला वाटलं मिरजेची रेंज गेली. मग आईनं सांगितलं की तुम्ही मला ब्लॉक केलंय, आणि ते कसं करायचं हे शिकायला खास मोबाईलच्या दुकानात जाऊन बसला होतात. मामा, मला वाईट वाटलं नाही. माझ्यासाठी तुम्ही एवढी यातायात पूर्वी कधी केली नव्हती. (डॉक्टरांच्या जीपचा तो बोल्ट माझ्या हातून तुटला हे कबूल. पण तो आधीपासूनच तुटायच्या विचारात होता.) तेव्हा आता पत्र. पत्र ब्लॉक करायची सोय पोस्टानं अजून काढलेली नाही.

मी सध्या तुमच्या मावसबहिणीकडे, वसुमती अक्काकडे आहे. निघालो होतो कन्याकुमारीला. वाटेत हंपीत दीड महिना एका स्कूटरवाल्याकडे काम केलं, तिथून केळ्यांच्या ट्रकातून इथे उतरलो. दोन दिवस राहून पुढे जाणार होतो, त्याला आता सात आठवडे झाले. दोष कॉफीचा आहे. इथे कोपऱ्यावर उभ्यानं कॉफी प्यायची पद्धत आहे, आणि उभ्यानं प्यायली की माणसाला वाटतं आपण निघालोच आहोत. म्हणून मी रोज निघतो आणि रोज परत येतो. अक्का नात्यानं माझी मावशी, पण या पेठेत दूधवाल्यापासून मठातल्या आचाऱ्यापर्यंत सगळेच तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तिची मराठी तुम्हाला आठवत असेलच. वाक्य आपलं, पण मध्ये ‘स्वल्प’ येतं, म्हणजे जरा, आणि शेवटी ‘सरी’, म्हणजे बरं. मलाही ती सवय लागली आहे. परवा फोनवर आईला ‘स्वल्प थांब’ म्हणालो, तर तिनं विचारलं, किती दिवस?

मुद्दा गाडीचा. अक्काच्या दारात हयवदन अण्णांची गाडी आहे, अठ्ठ्याऐंशी सालची, पांढरी, गोल दिव्यांची. अण्णा, म्हणजे अक्काचे यजमान, जाऊन पाच वर्षं झाली. ते होते तोवर अक्कानं त्या गाडीचं स्टिअरिंग रोज पुसलं, पण धरलं एकदाही नाही, कारण अण्णांच्या मते बायकांना गिअरचा आवाज कळत नाही. ते गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि पुढच्या सोमवारी सत्तर वर्षांच्या अक्कानं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आता ती रोज सकाळी गाडी काढते. गांधी बझारला भाजी, मग मैत्रिणींना देवळात सोडणं, मग त्याच मैत्रिणींना दातांच्या डॉक्टरकडे. मागच्या सीटवर तीन म्हाताऱ्या, पुढे एक, आणि प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी. त्यांपैकी एकीनं मला सांगितलं की अक्का गाडी शिकली त्या दिवसापासून तिला स्वतःला तिच्या मुलाला कसली विनंती म्हणून करायला लागलेली नाही.

आता पेच असा. गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत होती आणि तपासणीची तारीख मिळाली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी दहाची. बाकी सगळं ठीक होतं. पण पुढच्या दिव्यांपैकी उजवा लागायचाच नाही आणि डावा लागायचा तो शेजारच्या माडाच्या शेंड्यावर. अक्काचा मुलगा श्रीहरी एचएसआर लेआउटला राहतो, कॉम्प्युटरवाला, स्वभावानं वाईट नाही, पण आई गाडी घेऊन बाहेर पडली की तो फोन हातात धरून बसतो. त्यानं अट घातली होती: तपासणीत गाडी पास झाली तर तो एक अक्षर बोलणार नाही, नापास झाली तर त्याच दिवशी ती भंगारात जाईल आणि अम्मानं फोनवरून टॅक्सी मागवायला शिकायचं. भंगारवाल्याला त्यानं तारीखसुद्धा देऊन ठेवली होती. अक्का ‘सरी’ म्हणाली. मग आत येऊन मला विचारलं, तुला गाडीतलं काही येतं का. मी म्हणालो, अक्का, मी पद्मनाभमामाच्या हाताखाली चार वर्षं होतो. (सतरा दिवस. पण मला ते चार वर्षांसारखे वाटले होते, आणि तुम्हाला त्याहून जास्त वाटले असणार.)

नवे दिवे बाजारात सहज मिळाले. जुने निघेनात. प्रत्येक दिव्याभोवती एक चकचकीत रिंग, रिंगेला तीन स्क्रू, म्हणजे दोन दिव्यांचे सहा. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ऐटीत पाट टाकून बसलो, तर स्क्रू सापडेनात. स्क्रूंच्या जागी तांबूस रंगाची सहा टेंगळं, वाटाण्याएवढी आणि दगडासारखी. मामा, आपली खंडेनवमी इथे आयुधपूजा म्हणून होते आणि ती फक्त घराघरांत होत नाही, अख्खं शहर करतं. रिक्षा, बस, दुकानाचं शटर, एटीएमचं मशीन, जे जे हलतं किंवा हलवतं त्या सगळ्याला गंध, फूल आणि लिंबू. अक्काच्या मते दिवे हे गाडीचे डोळे, आणि डोळ्यांभोवती कारखान्यानंच तीन-तीन ठिपक्यांची जागा काढून दिलेली आहे. तेव्हा सदतीस वर्षं, एकही नवमी न चुकवता, तिनं त्या सहा स्क्रूंच्या खाचांत ओलं कुंकू भरलं, त्यावर हळद, त्यावर अक्षता, आणि शेवटी बंपरवर नारळ फोडून पाणी वरून शिंपडलं. गंजाचा असा पाहुणचार कुठल्याच गाडीवर झाला नसेल.

आधी ते खरवडून काढायचं होतं. दात घासायचा जुना ब्रश आणि गरम पाणी घेऊन मी दोन दिवस बसलो. खरवडलेलं कुंकू गटारात जाऊ द्यायचं नाही, खाली कागद धरून ते तुळशीत घालायचं, असा हुकूम. त्यामुळे एका हातात ब्रश, एका हातात कागद आणि टॉर्च दातांत. मधल्या एका थरात अख्खा तांदळाचा दाणा निघाला. अक्कानं तो चष्मा लावून बघितला आणि सांगितलं, हा श्रीहरीच्या मुंजीच्या वर्षीचा, त्या वर्षी तांदूळ जाडा आला होता. (मग मुंजीचा अल्बम निघाला. मग अल्बमातले कोण कोण आता कुठे आहेत ते निघालं. त्या दिवशी काम तेवढंच.)

खाचा दिसायला लागल्यावर खरी गंमत. स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर केला, तो सटकला आणि बोनेटवर एक लांब ओरखडा. अक्कानं ओरखड्याला बोटानं हळद लावली. जखमेला लावतात तशी. त्यानंतर गल्ली मदतीला आली. खोबरेल तेल घाल. चिंचेचा कोळ घाल. काळं सरबत ओत, ते गंज खातं (अर्धी बाटली स्क्रूला दिली, अर्धी मी घेतली, दोघांनाही फरक पडला नाही). कुणी सांगितलं खाचेवर रबरबँड ठेवून मग ड्रायव्हर दाब, म्हणजे सटकत नाही. ते खरं निघालं, सटकला नाही. रबरबँड तुटून माझ्या कपाळावर आला. गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेल मी आणलंच होतं. तुम्ही सांगायचात ते मला आठवलं, की जाम स्क्रूशी भांडायचं नाही, तेल घालायचं आणि चहाला जायचं. मी तेल घालून कॉफीला गेलो. तिथे समोरच्या देवळात हत्तीण आली होती, तिच्या मागोमाग थोडं अंतर गेलो, थोडं आणखी गेलो, आणि जे. पी. नगरला पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी स्क्रूला तेल घालून आलोय. पण तुमचं म्हणणं बरोबर होतं, स्क्रूंना वेळ द्यायला हवा होता. फक्त तो एवढा नको होता, इतकंच.

शेवटी शिवकुमार धावून आला. हा समोर रिक्षा लावतो, मोठा शांत माणूस, मिशीत हसतो, त्यामुळे हसला ते मिशी हलल्यावर कळतं. त्यानं ठोकायचा स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. तुमच्याकडे तो आहे, वरच्या फळीवर, जिथे मला हात लावायला बंदी होती. म्हणून मी तो पहिल्यांदाच हातात घेतला: टोक स्क्रूच्या खाचेत, मागून हातोडीचा एक ठोका, की तो दणक्यासरशी स्वतःच जरासा फिरतो. मुठीपाशी एक कडं असतं, ते डावीकडे वळवून ठेवलं तर स्क्रू सोडवतो आणि उजवीकडे ठेवलं तर आवळतो. कसली अक्कल आहे! पाच स्क्रू एका दुपारी निघाले. प्रत्येक निघताना लहान मुलगी कुरकुरते तसा आवाज करायचा आणि अक्का प्रत्येकाला ताम्हनात ठेवून नमस्कार करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा नवा दिवा बसवला, नव्या स्क्रूंना ग्रीस चोपडून त्याच हत्यारानं मस्त आवळले, आणि मग डाव्या दिव्याच्या राहिलेल्या सहाव्या स्क्रूकडे वळलो.

सहावा निघेना. दोन दिवस ठोकला. तेल, मेणबत्तीची धग, पुन्हा तेल, पुन्हा ठोका. मेणबत्तीनं उरलंसुरलं कुंकू तापलं आणि गल्लीत देवळासारखा वास सुटला, येणारी-जाणारी माणसं चपला काढायच्या बेतात. स्क्रू मात्र ठोकावा तितका आणखी हट्टाला पेटल्यासारखा. डावा जुना दिवा एका स्क्रूवर लोंबत होता, उजवा नवा कोरा; गाडी अशी दिसायची की एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याची तारीख मिळालेली नाही. अक्का दर तासाला बाहेर यायची, बघायची, आत जायची.  मला ते ठोक्यांपेक्षा जड जायचं.

आणि मग नवमी उजाडली आणि मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. सकाळी अक्का देवापुढे चौरंग मांडत होती. तिच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी चांगलं यावं म्हणून मी सगळी हत्यारं गोळा करून आणली: पक्कड, पाने, हातोडी, दोन्ही स्क्रू ड्रायव्हर, तेलाची बाटलीसुद्धा. ओळीनं मांडली. अक्काला भरून आलं. तिनं एकेक हत्यार ओल्या फडक्यानं पुसलं, जिथे फिरतं तिथे फिरवून आतपर्यंत पुसलं, टिळा समोरून दिसेल असं सरळ केलं, गंध लावलं, झेंडू वाहिला, आरती केली. मी मोठ्या आवाजात म्हटलीही. आरतीचं ताट खाली ठेवताना तिनं सहज सांगितलं की आता उद्या संध्याकाळी बन्नीची पानं वाटून झाल्यावरच हत्यारं उचलायची, तोवर हात लावायचा नाही, अण्णांच्या घरात हे कधी मोडलेलं नाही. (आपल्याकडे आपट्याची पानं, इथे बन्नीची, म्हणजे शमीची.) मामा, माझ्या हातातला प्रसाद हातातच राहिला. तपासणी परवा सकाळी, सहावा स्क्रू गाडीत, आणि त्याचं औषध चौरंगावर झेंडूखाली.

मी हत्यारांशिवाय काही होतंय का बघायला स्वयंपाकघरात शिरलो. तिथे विळी नाही, सुरी नाही, कातरी नाही. मिक्सर नाही. किसणीसुद्धा देवापुढे जाऊन बसली होती. फोनवर काही युक्ती शोधावी तर फोनला मीच सकाळी टिळा लावून मिक्सरशेजारी ठेवला होता. मग अक्काला विचारलं, चमचा हत्यार आहे का. तिनं बराच विचार केला आणि सांगितलं, भात वाढायचा चमचा हत्यार नाही, फोडणीचा आहे. मी भाताचा चमचा स्क्रूला लावला. चमचा वाकला. तो तिच्या माहेरचा निघाला. जेवायला घरात त्या दिवशी न चिरता होणाऱ्या वस्तूच होत्या, आणि आम्ही दोघं दहीभात खात गप्प बसलो, हे तुम्हाला सांगतो, कारण अक्का गप्प बसलेली तुम्हीही कधी पाहिली नसेल.

दसऱ्याला दुपारी श्रीहरी जेवायला आला. जेवण झालं, विडा झाला, आणि त्यानं बाहेर जाऊन गाडीकडे बघितलं. लोंबणारा दिवा बोटानं जरा हलवला. आत येऊन तो हळू आवाजात म्हणाला, “अम्मा, जरा प्रॅक्टिकल हो ना. उद्या तिथे जाऊन नाही ऐकण्यापेक्षा आजच सही करून टाक. मी भंगारवाल्याला सकाळी आठला बोलावतो.” आणि त्यानं कागद काढून जपून, सरळ करून, जेवणाच्या टेबलावर ठेवला. रागानं नाही. त्यानं रागानं ठेवला असता तर बरं झालं असतं.

अक्कानं कागद वाचला. चष्मा काढला. मग ती देवापुढे गेली, चौरंगावर अक्षता टाकल्या, आणि पूजा उतरवताना हलवतात तसा एकदम चौरंगच जरासा हलवला. मी म्हणालो, अक्का, संध्याकाळ नाही झाली. श्रीहरीही म्हणाला (अण्णांना तो अप्पा म्हणतो), अप्पांच्या वेळेपासून संध्याकाळी असतं ना.

“अप्पांच्या वेळेपासून मी स्टिअरिंग पण पुसतच होते,” अक्का म्हणाली. “ऋतू, तो ठोकायचा घे. हातोडी माझ्याकडे दे.”

मामा, मी दोन्ही हातांनी ड्रायव्हर सहाव्या स्क्रूवर धरला. शिवकुमार आपल्या केळीचे खांब बांधलेल्या रिक्षातून उतरून आला आणि त्यानं रिंग धरली. श्रीहरी फाटकापाशी उभा. अक्कानं पदर खोचला, एकदा स्क्रूला नमस्कार केला, बहुधा माफी मागितली, आणि असा ठोका घातला की माझे दात वाजले. स्क्रू फिरला. मी सांगतो, लोण्यातून सुरी फिरावी तसा. दुसरा ठोका लागलाच नाही. मी तो बोटांनी काढून अक्काच्या तळहातावर ठेवला. शिवकुमारची मिशी हलली. श्रीहरीनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि विचारलं की नवा दिवा कुठल्या खोक्यात आहे. तो बसवताना वायर त्यानंच जोडली, आणि बरोबर जोडली. कागद टेबलावरून कुणी उचलला ते मला माहीत नाही. संध्याकाळी त्यावर चकल्या निथळत होत्या.

तपासणीला अक्काच गाडी घेऊन गेली, मी शेजारी. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे लावायला सांगितले. दोन्ही लागले, दोन्ही सरळ, माडाकडे कुणी बघेना. ते वाकून दिव्यापाशी गेले, रिंगेच्या कडेला राहिलेली हळद बघितली आणि सवयीनं छातीला हात लावला. मग त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवतं. अक्का म्हणाली, मी. त्यांनी कागदावर शिक्का मारला. गाडी पास झाली. परत येताना तिनं सगळ्या मैत्रिणींच्या दारांवरून हॉर्न वाजवत गाडी आणली.  माझे डोळे धुरानं झोंबत होते, आणि पुढे रिक्षा होतीच.

सगळ्यांना माझा नमस्कार सांगा, मामींना दोनदा. इथे मी खुशाल आहे, आणि तिथलं खुशाल तुम्ही ब्लॉक काढलात की कळेल.

तुमचा भाचा, थोडाफार कामाचा,
ऋतुराज

ता. क. १. अक्का आणि सबंध गल्ली म्हणते की हत्यारांना एक दिवस विश्रांती मिळाली, पूजा झाली, म्हणून स्क्रू सुटला. मीही मान डोलावतो. तुम्हाला म्हणून खरं सांगतो: उजवा दिवा आवळताना मी ते मुठीचं कडं उजवीकडे वळवलं होतं आणि परत वळवायला विसरलो होतो. दोन दिवस मी सहावा स्क्रू सोडवत नव्हतो, आवळत होतो. नवमीला अक्कानं ड्रायव्हर पुसताना कडं फिरवून टिळ्यासाठी सरळ केलं, ते नेमकं डावीकडे. म्हणजे स्क्रू पूजेनंच सुटला, यात खोटं काही नाही. हे मिरजेबाहेर जाऊ नये. तुमचा फोन तिला आलाच तर चार वर्षांचंही सांभाळून घ्या.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण. अक्का म्हणते, पद्मनाभला भाऊबीजेला ओवाळून अकरा वर्षं झाली. अण्णांना वेळ नव्हता, श्रीहरीला सुट्टी नाही, आता गाडी पास आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही निघतो आहोत, मिरजेला, गाडीनं, ती चालवणार. मुक्काम दावणगेऱ्याला. तुमच्या गॅरेजसमोर कायम उभा असतो तो बंद ट्रक तेवढा आधी हलवून ठेवा आणि मागचंही फाटक उघडं ठेवा, म्हणजे पुढून शिरून मागून बाहेर पडता येईल. अक्काला रिव्हर्स येत नाही. परीक्षेपुरता आला होता, नंतर गेला.

ता. क. ३. पाकीट टाकायला अक्का म्हणते मीच सोडते तुला. पोस्ट इथून चार घरं मागे आहे. म्हणून आम्ही लांब बनशंकरीवरून वळसा घालून जातो आहोत.